फेब्रुवारीतले अठरा पहिले अंक

जानेवारीत त्यांनी ब्रेकवॉटरला मारलं.
लाट अडवताना, बाविसाव्या पानावर, उभ्या उभ्या.
त्याच्या शेवटच्या श्वासाचा फुगा मी काढला:
थरथरती कड, आत तीन टिंबं.
टिंबांचे वेगळे पैसे मिळत नाहीत.

मग न्यूयॉर्कहून डेनिसचा फोन:
"महिनाभर त्याचं मासिक बंद. त्याऐवजी अठरा नवी,
सगळ्यांवर ठसठशीत एक आकडा.
एक आकडा दिसला की लोक दोन प्रती घेतात,
एक वाचायला, एक प्लॅस्टिकमध्ये पुरायला.
अक्षरं तुझी. सगळ्यांची."

मेल्या म्हशीला मणभर दूध.
आणि मी राहतो बफेलोत,
तेव्हा तक्रार कुठल्या तोंडानं करू.

बर्फ खिडकीच्या निम्म्यापर्यंत.
कुरियरवाला लेनर्ड पायऱ्यांवर पाकिटं रचून जायचा.
साथीदार पोराचं एक, घटस्फोटित बायकोचं एक
(तिला आता उडता येतं),
कुत्र्याचं, मग त्या कुत्र्याच्या भविष्यातल्या नातवाचं,
डॉक्टर ब्राइनचं आणि त्याच्या आईचं,
ती लेकाहून खुनशी निघाली.
एका रात्रीत मी एकशे चार वेळा धाडकन् लिहिलं,
पहाटे चहाचा कप फुटला
तर मनात आधी आलं,
खळ्ळकन्, तिरपं, लाल शाईत.

अठरावं पाकीट पातळ होतं.
खिडकीतली बाई.
एकोणीस वर्षांपूर्वी, बाराव्या अंकात,
चौथ्या मजल्यावरून ती ओरडली होती, "वर बघा!"
बस्स. नाव नाही, केसांत एक चिमटा.
त्या ओरडण्यात माझी निब तुटलेली,
'घा'चा काना म्हणून जरा फाटका.

आता तिला बावीस पानं. पण संहिता नाही.
लेखक प्रुइट सतरा मालिका लिहून झोपला होता
आणि उठत नव्हता.
डेनिस म्हणाली, "तूच भर काहीतरी.
तिला तूच त्यातल्या त्यात ओळखतोस."

चित्रकारानं फुग्यांपुरती जागा सोडलेली,
भाडेकरू गेलेल्या खोल्यांसारखी.
मी टाक घेऊन बसलो. उद्गारचिन्हांशिवाय
काय लिहितात, ते हातच विसरला होता.

खालच्या मजल्यावर माझी बहीण ब्रोनिया.
इस्पितळात चादरी मोजते, घरी येऊन बॉयलरशी बोलते.
पाइपातून सगळं वर येतं.
दुसऱ्या पानावर बाई पाव कापत होती,
खालून आलं: "सुरी बोथट झालीये, तुझ्यासारखी."
लिहिलं.
पाचव्यावर ती मोजे वाळत घालते.
"एकाच पायाचे तीन. दुसरे जातात कुठं?"
लिहिलं.
नवव्यावर जिन्यात शेजारीण.
"मेला म्हणतात. बरं, कचरा आज की उद्या?"

चौदाव्या पानावर ती खिडकीत.
पानभर आकाश, त्यात कुणीच नाही.
फुग्याला जागा मात्र सोडलेली, चांगली ऐसपैस.
मी पाइपाला कान लावला.
ब्रोनिया घरात होती. दिवा होता तिचा.
साडेअकरापर्यंत वाट पाहिली.

पान तसंच पाठवलं.
डेनिसनं त्याचे सव्वीस डॉलर कापले.
बरोबरच आहे, अक्षर नाही तर पैसे कसले.

मार्चमध्ये ब्रेकवॉटर परत आला, अर्थातच.
लाटेखाली त्याला झोप लागली होती म्हणे.
मालिका बंद झाल्या. कुत्रा तेवढा तगला.

एप्रिलमध्ये शाई आणायला गेलो
तेव्हा वाटेतल्या दुकानात, पन्नास सेंटांच्या खोक्याशी,
एक मुलगी ती प्रत उभ्यानं वाचत होती.
एकाच हातात मोजा. ओठ हलत होते,
सुरी, पाव, तीन मोजे.
मग ओठ थांबले. पान काही उलटेना.
मी उगाच पोस्टर बघत राहिलो.

दुकानदार खेकसला, "हे वाचनालय नाही."
तिनं खिसा उलटा केला, नाणी मोजली.
त्यातलं एक कॅनडाचं निघालं.
त्यानं ते दिव्यापाशी धरलं,
तिच्याकडे बघितलं,
आणि गल्ल्यात टाकलं.